पेव

निकिताचा फोन येतो तेव्हा तिकडं संध्याकाळचे सात,
इकडं साडेतीन,
उदगीरच्या मोंढ्यात पत्र्याखाली काटासुद्धा तापलेला.
मी पोत्यावर बसतो, मोबाइल वजनांच्या पेटीला टेकवून.

लातूरला दोन वर्षं क्लास, बारा मार्कांनी हुकलं,
म्हणून याकुत्स्क.
तिथं निकिता हे पोरांचं नाव, म्हणे.
पहिल्या हजेरीला सगळा वर्ग मागं वळून
पोरगा शोधत होता.

आज म्हणाली, बाबा, होस्टेलचं दार लागत नाही.
चौकट तिरपी झालीय.
भिंतीला भेग, बोट जाईल एवढी.
मी म्हणालो, काळीवर बांधलं असेल.
काळी उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते,
म्हणून तर जुन्यांनी पीक काळीत ठेवलं अन् घर पांढरीवर.
ती हसली. इथं पांढरी नाहीच, बाबा.
खाली बर्फ. माती, पाला, मुळ्या,
हत्तीएवढ्या जनावरांची हाडं,
सगळं एकात एक गोठलेलं, शेकडो हात खोल.
घरं खांबांवर उभी, खालून वारा खेळावा,
घराची ऊब जमिनीला लागू नये म्हणून.
त्या जमिनीला नाव आहे, वेच्नाया मेर्झलोता.
वेच्नाया म्हणजे कायमची.

कायमची.
तीस वर्षं मी मापं घालतोय,
कायमचा भाव कुणी पुकारलेला ऐकला नाही.

ती सांगत राहिली.
उन्हाळा लांबतोय, वितळण खाली खाली उतरतेय.
हजारो वर्षं न कुजलेला पाला आता कुजायला लागलाय.
त्यातून वायू निघतो, वायूनं हवा तापते,
हवा तापली की आणखी वितळतं.
सरांनी फळ्यावर गोल काढला होता, फिरत्या बाणांचा.
कळतंय का, बाबा?

मला पेव दिसत होतं.

चावडीमागं, दोन पुरुष खोल.
तळाला कडबा, कडेनं भुसकट, तोंडावर फरशी, वर माती.
तीन पावसाळे अंगावरून गेलेले.
मी सात-आठ वर्षांचा, लोकांच्या पायांमधून बघतोय.
फरशी सरकली तसा आतून श्वास आला,
गरम, आंबूस,
आजारी माणसानं तोंडाजवळ येऊन बोलावं तसा.
म्हातारे म्हणाले, थांबा. दिवसभर उघडं राहू द्या.
लिंबाचा डहाळा दोरीला बांधा, वरखाली करा,
मग कंदील सोडा.
वात जळत राहिली तर माणूस.

मनमथ काका थांबला नाही.
त्याला नुसता अंदाज घ्यायचा होता,
किती पोती निघतील.
खाचांत पाय रोवत उतरला,
म्हणाला, चांगलीय ज्वारी.
एवढंच म्हणाला.

आत विष नव्हतं.
कुणी काही कालवलं नव्हतं.
आमचीच ज्वारी होती,
अंधारात श्वास घेत बसलेली.

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.
पडद्यावर ती हलेना, वाटलं रेंज गेली.
मग म्हणाली,
तुमचा कंदील वरून खाली सोडायचा होता, बाबा.

पुढं काही नाही.
मागून कुणीतरी रशियनमध्ये ओरडलं, भांडं पडलं.
हमाल सोयाबीनचं पोतं घेऊन काट्यापाशी उभा,
त्याच्या मानेवरून घाम पोत्यावर, पोत्यावरून काट्यावर.
तोही वजनात धरला जातो, कधी कधी.

मी म्हणालो, दाराची खालची कड रंधून घे.
तोवर कागदाची घडी घाल.
घातलीय, म्हणाली.
दर आठवड्याला जाड करावी लागते.